फिल्टरातला पिवळा डमरू

आमच्या दारात आता बाराही महिने मार्गळी असते. कुंभकोणममधल्या कुणाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे संशयानं बघेल, कारण मार्गळी हा महिना आहे. डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, संपतो. त्या महिन्यात दारातल्या रांगोळीला, म्हणजे कोलमला, वेगळाच मान असतो. ठिपके मोजून काढलेला मोठा कोलम, त्याच्या बरोबर मधोमध शेणाचा लहानसा गोळा आणि गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. पोंगल झाला की फूल बंद. ते पुन्हा पुढच्या मार्गळीत. पण आमची अम्मा भर उन्हाळ्यातही कोलमात फूल ठेवते. भोपळ्याचं नाही मिळालं तर शेवंतीचं, शेवंती नसली तर झेंडूचं. समोरच्या मामींनी सुरुवातीला दोन-तीनदा आडून विचारून पाहिलं, मग सरळ विचारलं की रायर घराण्यातली ही मराठ्यांची रीत आहे की काय. इथले लोक आम्हा मराठी मंडळींना रायर म्हणतात आणि आमच्या घरातली कुठलीही विचित्र गोष्ट मराठ्यांच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. अम्मानं मान डोलावली. खरं कारण सांगायचं तर तिला एका भिंगाची, एका काचेची आणि एका डोळ्याची गोष्ट सांगावी लागली असती.

आता खरीखुरी मार्गळी लागली आहे. पहाटे देवळांचे कर्णे एकमेकांवर कुरघोडी करतात, धुकं इतकं खाली येतं की रस्त्यावरचा दूधवाला आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. कोपऱ्यावरच्या देवळातून मिरी घातलेल्या गरम पोंगलचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, वास येतो. आणि आमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवरून अप्पांची तोफ खाली येते.

तोफ म्हणजे त्यांची जुनी टेलिफोटो लेन्स. अप्पा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि आयुष्यात त्यांनी केलेली एकमेव उधळपट्टी म्हणजे ही लेन्स. मी कॉलेजात असताना त्यांनी ती चेन्नईच्या एका वृत्तछायाचित्रकाराकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. हातानं फोकस करायची, वजनाला भाताच्या पातेल्याएवढी, आणि पुढची काच जेवणाच्या ताटलीएवढी. एवढ्या मोठ्या काचेवर बसेल असा फिल्टर कुणी बनवत नाही. म्हणून या जुन्या लेन्सच्या मागच्या बाजूला पोटात एक कप्पा असतो. खटका दाबला की एक छोटा ड्रॉवर बाहेर सरकतो आणि त्यात सुपारीच्या डबीच्या झाकणाएवढी काच बसवलेली असते. हा कप्पा कधी रिकामा ठेवायचा नाही. काही नको असेल तर साधी काच घालायची, पण घालायचीच, कारण लेन्सचं सगळं गणित ती काच धरून मांडलेलं असतं. आणि पाण्यावरची चमक घालवायची असेल तर साध्या काचेच्या जागी पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेनं थरथरणारा प्रकाश आत सोडणारी काच. त्या ड्रॉवरला वरून एक दातेरी चक्र असतं. डोळा कॅमेऱ्याला लावून ते चक्र बोटानं फिरवायचं. एका क्षणी पाण्यावरची पांढरी चकाकी नाहीशी होते आणि खालचा चिखल, गोगलगायी, भाताची मुळं, सगळं उघडं पडतं. अप्पा म्हणायचे, पाणी खरं बोलायला लागतं.

तो पोलरायझर जिवंत आहे की मेला हे ओळखायची अप्पांची एक युक्ती होती. आमच्या गावच्या दमट उकाड्यात फिल्टरातलं पातळ पटल हळूहळू मरतं, कडेनं सुटतं, पिवळं पडतं. ते तपासायला लोक यंत्रं वापरतात. अप्पा फक्त एक डोळा वापरत. मी तिसरी-चौथीत असेन. त्यांच्याकडे तेव्हा साधाच एक छोटा फिल्टर होता. त्यांनी मला ओट्यावर उभं केलं, समोरच्या घराची चुन्यानं रंगवलेली भिंत उन्हात झगझगत होती. एक डोळा मिटायला लावला, दुसऱ्यासमोर फिल्टर धरला आणि हळू फिरवायला सांगितलं. काही दिसेना. मी कंटाळले, आणि मग अचानक नजरेच्या बरोबर मध्यभागी एक फिकट पिवळा डमरू तरंगत असलेला दिसला. कंबरेत बारीक, दोन्ही टोकांना फुगलेला, बाजूंना निळसर छटा. मी फिल्टर फिरवला की तो फिरायचा. फिरवायचं थांबवलं की विरून जायचा. अप्पांनी सांगितलं की हा भिंतीवर नाही, काचेतही नाही, हा तुझ्याच डोळ्यात आहे. माणसाच्या डोळ्यालाही प्रकाशाची ही दिशा थोडीशी कळते, फक्त ती पाहायला कुणी शिकवत नाही. डमरू दिसला म्हणजे काच जिवंत.

मला ते इतकं आवडलं की शाळेत मी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या डोळ्यात महादेवाचा डमरू आहे. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. अप्पा आठवडाभर हसत होते.

काच जिवंत, काच मेली. आमच्या घरात यापलीकडे कधी कुणी विचारच केला नाही, की डमरू दिसायला काच लागते तसा डोळाही लागतो.

गेल्या वर्षी मात्र तोफ मार्गळीची वाट न बघता ऑक्टोबरातच खाली उतरली होती. मी लग्नानंतर बरीच वर्षं पुण्यात काढून, तिथलं सगळं आवरून, नुकतीच कायमची परत आले होते. पुण्यात माझी मराठी ऐकून लोक विचारायचे की तुम्ही बखरीतून शिकलात का. आता इथे आल्यावर अम्मा म्हणत होती की मी रेडिओसारखी बोलते. असो. अप्पांनी तेव्हा एक वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला होता, तोफेला जोडायला. आणि त्यांच्या मनात एकच फोटो होता. तिरुविडैमरुदूरच्या पुढे, आडुतुरैच्या रस्त्याला, सांब्याच्या, म्हणजे थंडीतल्या हंगामाच्या, भातात पाणी उभं असतं तेव्हा मुग्धबलाक उतरतात. चोचीत फट असलेले ते मळकट पांढरे करकोचे. पाण्यात अर्धी चोच घालून ते गोगलगाय शोधतात, कवच न फोडता आतलं मांस काढतात. अप्पांना पाण्याखालची ती चोच हवी होती, कवचात शिरताना. त्यासाठी चमक पूर्ण घालवायला हवी, म्हणजे पोलरायझर हवा, आणि नेमका तोच बिघडला होता. निदान आम्हाला तसं वाटलं.

पहिल्यांदा त्यांनी तक्रार केली ती बांधावर बसल्या बसल्या. म्हणाले, चित्राच्या मधोमध धूसर आहे, कडेला ठीक आहे. मी डोळा लावून पाहिलं, मला सगळं स्वच्छ दिसलं. त्यावर अप्पांनी शिक्षकी सुरात समजावलं की मला अजून बघता येत नाही. मग म्हणाले, पलीकडचा ताड वाकडा दिसतोय. आता नारळ वाकतो, ताड कधी वाकत नाही, ताड म्हणजे जमिनीत उभी ठोकलेली काठी. पण त्यालाही कारण तयार होतं. पटल सुटलं की काचेत लाट येते, लाट आली की सरळ रेघ वाकते. भौतिकशास्त्राच्या मास्तरांना कारण शोधायला कधी लांब जावं लागत नाही. घरी येऊन संगणकावर फोटो पाहिले तर खरंच सगळे मऊ, पाण्यात भिजवलेल्या अप्पळासारखे, पापडासारखे. फोकस हातानं करायचा होता आणि तो अप्पा करत होते, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. ओट्यावर ते फिल्टर घेऊन बसले. भिंतीकडे बघत फिरवला, पुन्हा फिरवला. डमरू नाही.

"मेला," ते म्हणाले, आणि मला जवळजवळ समाधान वाटलं. आजार कळला, आता औषध आणायचं.

औषध मिळणं मात्र कठीण होतं. तो ड्रॉवर बनवणं कंपनीनं केव्हाच सोडलं होतं. पुण्याहून आल्यापासून मला काही काम नव्हतं, त्यामुळे मी हे मनावर घेतलं. जगभरच्या जुन्या लेन्सवेड्यांच्या गप्पा वाचत बसायचे. कोणी लिहायचं की अमुक लेन्सचा ड्रॉवर तमुक लेन्सला बसतो, दुसरा लिहायचा की बसतो पण मग निघत नाही. एक ड्रॉवर परदेशातून आला तो आमच्या लेन्सच्या थोरल्या भावाचा निघाला, केसभर जाड, अर्ध्यात अडकला आणि अम्माच्या भाजीच्या सुरीनं तो सोडवावा लागला. चेन्नईच्या एका विक्रेत्याकडून आला तो बसला बरोबर, पण अप्पांनी भिंतीकडे पाहिलं आणि डबी मिटली. हाही मेलेला. मी विक्रेत्याला फोन करून असं काही सुनावलं की माझ्या पुणेरी वर्षांचं सार्थक झालं. बिचारा शपथेवर सांगत होता की काच उत्तम आहे. मी विश्वास ठेवला नाही. अप्पांच्या डोळ्यापुढे त्याची शपथ काय टिकणार?

आता हे लिहिताना मला त्याचा आवाज आठवतो. तो खरं बोलत होता.

मग कोणीतरी सुचवलं की जुनी चौकट ठेवा आणि आतली काच बदला. त्रिचीला जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ ते करून देत होते. चौकटीतलं जुनं पटल काढायचं, त्याच मापाची नवी काच चढवायची, चक्राचे दाते साफ करायचे. अप्पांनी मूळचा, वयानं पिवळा पडलेला फिल्टर जपून बाजूला ठेवला आणि चेन्नईची चौकट त्रिचीला पाठवली. नवी काच सर्क्युलर जातीची होती. जुन्या साध्या पोलरायझरनं डिजिटल कॅमेऱ्याच्या आतल्या आरशाची फसगत होते, उजेडाचं माप चुकतं, म्हणून काचेच्या पाठीला आणखी एक थर देतात. तो ड्रॉवर परत आला तो पोंगलच्या आधीच्या आठवड्यात. घरात नवी सून यावी तसं त्याचं स्वागत झालं. अप्पांनी भिंतीकडे पाहिलं, डमरू दिसला नाही, पण या वेळी ते खचले नाहीत. हसून म्हणाले की सर्क्युलर काचेतून डमरू दिसतच नाही, तो मागचा थर त्याला पुसून टाकतो. मी वाचलं, ते खरंच होतं. विज्ञान पुन्हा आमच्या बाजूनं होतं. शेतात गेलो, फोटो काढले, सगळे मऊ आले.

या वेळी अप्पांनी कारण शोधलं नाही. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. रात्री जेवताना म्हणाले की तोफ विकून टाकू. अम्मानं वाढता वाढता हात थांबवला. तिनं त्या लेन्सला आयुष्यभर सवत म्हटलं होतं, पण ती घरातून जाणार हे ऐकून तिच्याही तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो ड्रॉवर साफ करत ओट्यावर बसले होते. विकायचीच तर नीट पुसून विकावी. धुकं विरून ऊन आलं होतं. अम्मा दारात वाकून कोलम संपवत होती. त्या दिवशी तिला उशीर झाला होता. तिनं मधोमध शेणाचा गोळा ठेवला, फूल खोचलं. अप्पा माझ्या शेजारी कॉफी पीत होते. मी फुंकणीनं काचेवरची धूळ उडवली आणि डाग राहिलाय का ते बघायला ड्रॉवर डोळ्यासमोर धरला. धरला तो उलटा. मला सुलटं-उलटं कुठं कळत होतं? बोट चक्राला लागलं आणि समोरच्या भिंतीवर, इतक्या वर्षांनी, तो पिवळा डमरू फिरला.

इतका स्वच्छ की मी दचकले. मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले शक्य नाही. मग माझ्या हाताकडे पाहून त्यांच्या लक्षात आलं की ड्रॉवर उलटा आहे, थराची बाजू बाहेर आहे, म्हणजे दिसायलाच हवा. त्यांचा चेहरा उजळला. ही तपासणी त्यांना आधीच सुचायला हवी होती, असं म्हणत त्यांनी ड्रॉवर घेतला, सवयीनं डावा डोळा मिटला, उजव्यासमोर धरला आणि चक्र फिरवलं. फिरवत राहिले. कॉफी निवत होती. त्यांची मान हळूहळू पुढे येत गेली, लहान मुलाला गणित सुटत नाही तशी.

मला दिसतो आणि त्यांना दिसत नाही. तीच काच, तीच भिंत, तेच ऊन. मी का बोलले ठाऊक नाही, पण मी म्हटलं, दुसऱ्या डोळ्यानं बघा. अप्पांनी डाव्या डोळ्यानं उभ्या आयुष्यात कॅमेऱ्यातून पाहिलं नव्हतं. त्यांना धड उजवा डोळा मिटताही येईना, तळहातानं झाकावा लागला. ड्रॉवर डाव्यासमोर गेला. चक्र अर्धं फिरलं असेल नसेल आणि त्यांचा हात थांबला.

डाव्याला डमरू दिसला होता. त्यांनी ड्रॉवर खाली ठेवला. मग खूप सावकाश, स्वतःचाच प्रयोग करावा तसा, डावा डोळा झाकला आणि समोर जे होतं त्याकडे पाहिलं. समोर कोलम होता.

"मधलें फूल कोणीं काढलें?" अप्पांनी विचारलं.

अम्मा पांढऱ्या पिठाचे हात घेऊन तिथंच उभी होती. तिनं एकदा कोलमकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे.

"फूल तेथेंच आहे कीं," ती म्हणाली. "माझ्या पायापाशीं आहे."

मला तो क्षण अजून जसाच्या तसा दिसतो. रस्त्यावरून कोणाची तरी सायकल गेली. फूल होतं. टवटवीत, हळदीसारखं पिवळं, वर दवाचे थेंब. अप्पा त्याच्याकडे रोखून बघत होते आणि त्यांना तिथं एक राखाडी डाग दिसत होता आणि डागाभोवती अम्माच्या सरळ रेघा वाकलेल्या दिसत होत्या, त्या ताडासारख्या. जो फिल्टर आम्ही महिनोन् महिने देशोदेशी शोधत होतो तो बिघडलाच नव्हता. एकही बिघडला नव्हता. जुना पिवळा नाही, चेन्नईचा नाही, त्रिचीचा नाही. बिघडला होता तो अप्पांचा उजवा डोळा, आणि एकेक काच बदलत आम्ही त्याला बिघडू दिलं होतं.

तंजावरला डोळ्यांच्या दवाखान्यात त्याच दिवशी गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या ऐन मध्यावर बारीक रक्तवाहिन्या गळत होत्या. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? मी आणि अप्पा एकमेकांकडे बघायला लागलो. ताड वाकला तेव्हापासून, अप्पा म्हणाले. मग ताडाचं, मऊ फोटोंचं, भिंतीचं, डमरूचं सगळं सांगितलं. बाईंनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या की त्यांच्या शास्त्रातही ही खूण ठाऊक आहे, पडद्याचा मध्य शाबूत असेल तरच ती दिसते. म्हणजे ज्या दिवशी डमरू गेला त्या दिवशी डोळ्यानं आम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. सांगायचं ते सगळं त्यानं सांगितलं, आणि आम्ही विक्रेत्याला फोन लावला.

गेलेलं सगळं परत येणार नाही, पण उरलेलं बहुधा वाचेल, असं त्या म्हणाल्या. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. डोळ्यात, हा शब्द ऐकून अम्मा मटकन खुर्चीत बसली. अप्पांनी मात्र सुई कुठल्या कोनातून जाते ते विचारलं.

त्या दिवसांत मला एकच प्रश्न छळायचा. इतका मोठा डाग नजरेच्या मधोमध आणि घरात वावरताना, पेपर वाचताना, रस्ता ओलांडताना त्यांना कळला कसा नाही? उत्तर फार साधं होतं. डावा डोळा भरून काढत होता. दोन्ही डोळे उघडे असले की एक दुसऱ्याचं उणं झाकतो, बोलतसुद्धा नाही. अम्मा अप्पांच्या विसरलेल्या गोष्टी गुपचूप करून टाकते तसं. उजवा डोळा एकटा पडायचा तो फक्त कॅमेऱ्यामागे, म्हणून बिघाड फक्त कॅमेऱ्यात दिसायचा. आणि मला याचा धक्का आजही बसतो की त्या लेन्सनं खरं सांगितलं होतं. पाण्याला खरं बोलायला लावणारी आमची काच अप्पांबद्दलही खरंच बोलत होती. आम्हाला ते काचेचं खोटं वाटलं, कारण अप्पांच्या डोळ्यात खोट असेल हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पोंगल झाला. गल्लीतल्या कोलमांतली फुलं गेली. आमच्या दारातलं राहिलं. अम्मानं कोणाला विचारलं नाही, चर्चा केली नाही. रोज सकाळी ती कोलम काढते, मधोमध फूल ठेवते आणि बाजूला उभी राहते. अप्पा ओट्यावर येतात, डावा डोळा झाकतात. इंजेक्शनं चालू असताना कधी नुसता डाग, कधी डागात पिवळी झाक, आणि एका सकाळी, साक्कोट्टैच्या देवळातल्या जत्रेहून आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, अप्पांनी सांगितलं की फूल दिसतं, फक्त पाकळ्या चुरगळलेल्या. अम्मा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. डोळा तिथंच थांबला आहे. पाकळ्या काही सरळ झाल्या नाहीत, पण फूल टिकून आहे.

तोफ विकली नाही. अप्पा डाव्या डोळ्यानं फोकस करायला शिकताहेत. या वयात ते सोपं नाही, त्यांचं नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपतं, मागच्या पडद्याला नाकाचा तेलकट डाग पडतो आणि ते माझ्या नावानं खडे फोडतात. त्रिचीच्या ड्रॉवरला त्यांनी कप्प्यात बसवलं आहे. जुना पिवळा फिल्टर मात्र खिशात असतो. तो अजून जिवंत आहे. मी भिंतीकडे धरून पाहिला, पहिल्याच फेरीत डमरू दिसला.

परवा सकाळी आम्ही तिरुविडैमरुदूरला गेलो. सांब्याच्या लोंब्या झुकायला लागल्या आहेत, सखल वाफ्यांत मात्र अजून पाणी आहे. धुकं उठलं आणि आकाशात एकच पांढरा ढग उन्हात भरून आला. बांधापासून हाकेच्या अंतरावर एक मुग्धबलाक उतरला. ऊन पाठीशी, पाणी स्थिर, इतक्या वर्षांत असा योग आला नव्हता. त्यानं पाण्यात चोच घातली. मी श्वास रोखला आणि तोफ अप्पांकडे सरकवली.

अप्पांनी ती घेतली नाही. त्यांनी खिशातून जुना पिवळा फिल्टर काढला आणि माझ्यापुढे धरला.

मला आधी कळेना. मग आठवलं. चार दिवसांपूर्वी पेपर वाचताना मी सहज म्हटलं होतं की डावीकडची अक्षरं हलल्यासारखी वाटतात, चष्म्याचा नंबर बदललेला दिसतोय. अप्पांनी तेव्हा मान वर केली नव्हती. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

"आधीं तूं," ते म्हणाले. "डावा डोळा झांक."

मी म्हटलं की पक्षी समोर आहे, हे घरी करू. ते हललेही नाहीत. मी डावा डोळा झाकला, ढगाकडे फिल्टर धरून फिरवला. डमरू दिसला. मग उजवा झाकला आणि डाव्यासमोर फिल्टर आणला. पांढरा ढग, आणि काही नाही. मी नजर रोखली. काही नाही. दारातला कोलम, राखाडी डाग, तंजावरची ती खुर्ची, सगळं एका क्षणात माझ्याजवळ आलं.

"फिरव," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "थांबलीस कीं तो विरतो. फिरव."

माझा हात भीतीनं थिजला होता. फिल्टर तसाच स्थिर धरलेला होता. मी बोटं हलवली. ढगाच्या मधोमध पिवळा डमरू उमटला आणि सावकाश फिरला.

"दिसला," मी म्हटलं.

"दोन्हींत?"

"दोन्हींत."

चष्म्याचाच नंबर होता तर. अप्पांनी माझ्या हातातून फिल्टर घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिशात ठेवायला लागले, पण खिसा काही त्यांना सापडेना. करकोचा केव्हाच उडून गेला होता, आणि अप्पांनी तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं.